गरजांच्या कागदातून स्क्रीन कशा काढल्या

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एका मराठी वाचनालयाचं ॲप करत होतो. कार्यवाह काकांनी गरजा मनापासून लिहून दिल्या होत्या, पण आमच्यातला प्रत्येक जण त्यातून वेगळीच स्क्रीन काढत होता.

मग संगणकशास्त्रज्ञ रसेल ॲबट यांनी १९८३ साली मांडलेली रीत धरली: नामं म्हणजे वस्तू, क्रियापदं म्हणजे कृती. ‘सभासद पुस्तक राखून ठेवतो’ यातून सभासद, पुस्तक आणि ‘राखून ठेवा’ हे बटण मिळालं. खरा ऐवज मात्र ‘तर’ आणि ‘नंतर’ असलेल्या वाक्यांत होता. ‘पुस्तक बाहेर असेल तर रांगेत नाव लागावं’ या एका ओळीतून एकाच स्क्रीनच्या दोन अवस्था निघाल्या, शिवाय एक प्रश्न: रांगेतला क्रमांक सभासदाला दिसावा का? काका म्हणाले, “दिसायलाच हवा, नाहीतर सगळे मलाच विचारत बसतील.” हे कागदावर कुठेच नव्हतं!

पुढे कामांचं झाड काढलं, म्हणजे प्रत्येक मोठ्या कामाखाली त्यातली छोटी कामं मांडली, आणि एकाच वेळी लागणारी कामं एका स्क्रीनवर बसवली. प्रत्येक स्क्रीनच्या कोपऱ्यात मूळ वाक्याचा क्रमांक लिहिला. ज्यांना क्रमांक मिळेना त्या स्क्रीन काकांना विचारून काढून टाकल्या. रंग-अक्षरांकडे त्यानंतरच वळलो.