शेवगा शोधला की मुनगाही सापडावा म्हणून

माझं माहेर नागपूरचं, सासर साताऱ्याचं. दोन्हीकडच्या पाककृती मी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्यात. धाकट्या जाऊबाईंनी त्यात 'शेवगा' शोधलं आणि माझ्या आईची मुनग्याची आमटी आलीच नाही. झाड तेच, शेंग तीच. पण अक्षरं जुळवणाऱ्या यंत्राला ते कसं कळणार?

अर्थावरून शोधणं कसं चालतं हे मला चौकटीच्या वहीवर कळलं. तुम्हीही तसंच करा. चार नोंदी पुरतात. पहिली: शेवगा, शेंग, आमटी. दुसरी: मुनगा, शेंग, आमटी. तिसरी: पान, विडा, चुना. चौथी: पान, वही, शाई. (चौथी लेकीच्या शाळेची यादी, मुद्दाम घुसवलेली.) शब्दाला आडवी ओळ, नोंदीला उभा रकाना. शब्द असेल तिथे १, नसेल तिथे ०.

त्याआधी शब्द मूळ रूपात आणा. मराठीत खरा घाम इथेच गळतो. 'शेवगा', 'शेवग्याची', 'शेवग्याला' हे यंत्राच्या लेखी तीन परके शब्द. पण सरसकट प्रत्यय छाटू नका. मी 'ला' आणि 'ची' उडवायला सांगितलं, तर 'मसाला'चा 'मसा' झाला आणि 'मिरची'ची 'मिर'. छाटून उरलेल्याचं मूळ रूप ('शेवग्या'चं 'शेवगा') आपल्या शब्दयादीत असेल तरच छाटा.

आता तक्ता बघा. शेवगा आणि मुनगा एकाही नोंदीत एकत्र नाहीत, पण दोघांचे शेजारी तेच. हे शेजारपण मोजायची युक्ती डीअरवेस्टर, ड्युमेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या शोधनिबंधात मांडली: सिंग्युलर व्हॅल्यू डीकंपोझिशन हे तक्त्याची फोड करणारं गणित वापरून तक्ता मोजक्या दिशांमध्ये, म्हणजे शब्दांच्या शेजारपणाच्या ढोबळ साच्यांमध्ये, दाबायचा. हीच लेटंट सिमँटिक इंडेक्सिंग, थोडक्यात एलएसआय. हाताने करत बसू नका, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं नम्पाय हे गणिताचं साधन क्षणात करतं.

आपल्या तक्त्यातून चार दिशा निघतात. सर्वांत मोठ्या दोनच ठेवल्या की शेवगा आणि मुनगा एका जागी येतात. वा! पण विडा आणि शाईही एका जागी येतात, कारण मध्ये 'पान' आहे. तीन ठेवा: विडा-शाई वेगळे होतात, शेवगा-मुनगा जोडलेलेच राहतात. चारही ठेवल्या तर मूळ तक्ता परत, शेवगा-मुनगा पुन्हा अनोळखी. खऱ्या संग्रहात किती दिशा ठेवायच्या हे मिठासारखंच, चाखूनच ठरवावं लागतं.

तरी 'पान' मधोमध लोंबकळतं, कारण एका शब्दाला एकच जागा. 'पान लाव' आणि 'पान उलट' यांतला फरक धरायला आजूबाजूचं वाक्य वाचावं लागतं. गूगलने २०१९मध्ये शोधात आणलेलं बर्ट हे भाषेचं मॉडेल हेच करतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते मराठीलाही लागू झालं.

जाता जाता: 'एलएसआय कीवर्ड पेरा, तुमचं वेबपान गूगलच्या शोधात वर येईल' असं सांगणाऱ्यांना पैसे देऊ नका. असले कीवर्ड नसतातच, हे गूगलच्या जॉन म्यूलर यांनीच २०१९मध्ये सांगितलंय.

आमच्याकडे आता 'शेवगा' शोधलं की मुनगा येतो. पाठोपाठ गवारही येते, शेंगेची नातेवाईक म्हणून. जाऊबाई म्हणतात, राहू द्या.