फोनचा पिन विसरलात? रिसेट करण्याआधी या चुका टाळा

पिन आठवत नाही, पण अंगठा लावला की फोन अजून उघडतोय? मग तो बंद करू नका. ‘रिस्टार्ट करून बघू’ ही यातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. फोन पुन्हा सुरू झाला की ठसा किंवा चेहरा चालत नाही, पिनच लागतो. बॅटरी संपून फोन बंद पडला तरी तेच, म्हणून आधी चार्जिंगला लावा. अँड्रॉइड फोन साधारण ७२ तासांतून एकदा पिन मागतोच, त्यामुळे हातात तेवढाच वेळ आहे असं धरून चाला. तेवढ्यात फोटो गूगल फोटोजमध्ये चढवा किंवा केबलने कॉम्प्युटरवर उतरवा, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या, लोकांचे नंबर गूगल खात्यात सेव्ह आहेत का ते पाहा आणि फोनमध्ये कोणता जीमेल आहे तो कागदावर लिहा. पिन बदलायला सेटिंगमध्ये जाल तर आधी जुना पिनच विचारला जाईल. तिथे अंगठ्याने काम होत नाही.

द्राक्षबागेत डिपिंग (घड औषधात बुडवण्याचं काम) केलेली किंवा नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यात दिवसभर तेलकट पार्ट हाताळलेली बोटं असतील, तर ठसा जुळत नाही. तो सलग चुकत गेला की सेन्सर तात्पुरता थांबतो आणि शेवटी पिनवरच येतो. आधी हात साबणाने धुवा, कोरडे करा, मग नोंदवलेलं दुसरं बोट लावून बघा.

भराभर अंदाज

आकडे टाकत सुटू नका. चुका वाढतात तसा थांबण्याचा वेळही वाढतो, आणि आयफोनमध्ये ‘इरेज डेटा’ चालू असेल तर दहाव्या चुकीला सगळं पुसलं जातं. टाकून पाहिलेले पिन लिहून ठेवा. पिन बरोबर असूनही फोन उघडत नाही असंही होतं: फुटलेल्या काचेमुळे किंवा नीट न बसलेल्या स्क्रीन गार्डमुळे एखादा आकडा लागतच नाही. प्रत्येक आकड्याला एक ठिपका उमटतोय ना, ते मोजा. आयफोनचा पासकोड गेल्या तीन दिवसांत बदलला असेल आणि आयओएस १७ किंवा पुढची आवृत्ती असेल, तर ‘पासकोड विसरलात?’ मध्ये जुना पासकोड टाकून आत जाता येतं.

‘डेटा न जाता लॉक काढून मिळेल’

२०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून प्रत्येक नव्या फोनमधला डेटा एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणारा) असणं सक्तीचं आहे. तो उलगडणारी किल्ली तुमचा पिन आणि फोनमधली चिप मिळून बनते. पिन नसेल तर ती किल्ली तयारच होत नाही. म्हणून नाशिकच्या एमजी रोडवरच्या मोबाइल दुकानात फोन घेऊन गेलात तर एकच विचारा, ‘दादा, फोटो राहतील का?’ रिसेट मारणार, म्हणजे फोन पूर्ण पुसणार असतील तर ते घरीही होतं. यूट्यूबवर दिसणारी अनलॉक सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाकू नका. ‘एनीडेस्क (दुसऱ्याला दुरून आपलं यंत्र चालवू देणारं अ‍ॅप) घ्या, इथूनच उघडून देतो’ म्हणणाऱ्याला तर मुळीच हात लावू देऊ नका. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

रिसेटची घाई

बरेच फोन अडकतात ते रिसेटनंतर. अँड्रॉइड ५.१ पासून रिसेटनंतर फोन आधीच्याच गूगल खात्याचा पासवर्ड मागतो, आणि ते खातं बऱ्याचदा फोन घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं असतं. ना ईमेल आठवत, ना पासवर्ड. म्हणून क्रम उलटा ठेवा. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला, कारण ओटीपी त्याच नंबरवर येणार. मग गूगलच्या लॉगिन पानावर ‘ईमेल विसरलात?’ निवडून नंबर आणि नाव टाका. खातं परत मिळवताना शक्यतो घरचंच वायफाय आणि नेहमीचा कॉम्प्युटर वापरा. ओळखीची जागा गूगल लक्षात घेतं. पासवर्ड नवा केला असेल तर रिसेटपूर्वी २४ तास थांबा.

आता रिसेट. लॉक झालेला फोन चालू आणि इंटरनेटवर असेल, तर दुसऱ्या फोनवरून फाइंड हबमध्ये (गूगलची हरवलेला फोन शोधण्याची सेवा) त्याच खात्याने जाऊन पुसता येतो. नाहीतर मेमरी कार्ड काढा, बॅटरी निम्म्याहून जास्त भरा, फोन बंद करून पॉवर आणि व्हॉल्यूम अप एकत्र दाबून धरा आणि ‘वाइप डेटा’ निवडा. काही कंपन्यांत व्हॉल्यूम डाउन लागतं. अँड्रॉइड ११ पासूनच्या सॅमसंग फोनमध्ये केबल कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय हा मेनू येत नाही. बरेच जण इथेच फोन बिघडला असं समजतात. पुसल्यावर गूगल खात्यात ठेवलेले नंबर आणि गूगल फोटोजमधले फोटो परत येतात, पण अ‍ॅपचा बॅकअप जुन्या पिननेच बंद असल्यामुळे तो पिन पुन्हा विचारला जाऊ शकतो.

आयफोन

आयओएस १५.२ पासून लॉक स्क्रीनवरच फोन पुसण्याचा पर्याय येतो. इंटरनेट आणि अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड लागतो. तो पर्याय दिसत नसेल तर फोन पूर्ण बंद करा, आयफोन ८ किंवा नंतरचा असल्यास साइड बटण दाबून धरूनच केबल जोडा, आणि केबल-कॉम्प्युटरचं चित्र येईपर्यंत बटण सोडू नका. पुढे कॉम्प्युटरवर ‘रिस्टोअर’ निवडा, ‘अपडेट’ नको, त्याने पासकोड जात नाही. डाउनलोडला १५ मिनिटांहून जास्त लागली तर फोन या मोडमधून बाहेर येतो. डाउनलोड पूर्ण होऊ द्या आणि हीच कृती पुन्हा करा.

जुना विकत घेतलेला फोन खातं मागत असेल तर आधीच्या मालकाकडूनच ते खातं काढून घ्यावं लागेल. मालक सापडत नसेल, तर खोक्यावरचा १५ अंकी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) घ्या आणि इंग्रजीत KYM, रिकामी जागा, मग तो नंबर असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत असेल तर उत्तरात कळेल, आणि तसं असेल तर विकणाऱ्याला पैसे परत मागा.