मलेरियाच्या गोळ्या घेताना या चुका टाळा

क्लोरोक्विनचा तीन दिवसांचा कोर्स झाला, ताप उतरला, तोंडाला चव आली. प्रायमाक्विनची पट्टी मात्र अर्धी तशीच फ्रिजवर पडून राहते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा हुडहुडी भरते आणि घरात डासांना शिव्या बसतात. खरं तर अशा वेळी बऱ्याचदा जुनाच मलेरिया उलटलेला असतो. व्हायवॅक्स जातीचे जंतू यकृतात सुप्त अवस्थेत दडून राहतात. क्लोरोक्विन फक्त रक्तातले जंतू मारतं, यकृतातल्यांसाठी प्रायमाक्विनच लागतं. मोठ्या माणसाला रोज 15 मिलिग्रॅम, सलग 14 दिवस. एखाद्या दिवशी विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका, कोर्स एक दिवस पुढे न्या. पट्टीवरची ताकद वाचा: 2.5 मिलिग्रॅमची गोळी असेल तर रोज सहा, 7.5 ची असेल तर दोन. गोळी जेवणानंतरच घ्यावी, नाहीतर पोटात मुरडा येतो.

प्रायमाक्विन कोणी घेऊ नये

गर्भवतीला आणि एक वर्षाखालच्या बाळाला हे औषध देत नाहीत. बाळाला अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं, त्यांच्या लाल पेशी या औषधाने फुटतात. ही कमतरता आनुवंशिक आहे, पुरुषांत जास्त दिसते. पारशी आणि काही आदिवासी समाजांत तिचं प्रमाण अधिक आहे. शक्य असेल तिथे सुरुवातीलाच रक्ताची ही तपासणी करून घ्या. औषध चालू असताना लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले किंवा चालताना धाप लागली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

क्लोरोक्विनचा हिशेब

250 मिलिग्रॅमच्या गोळीत खरं औषध, म्हणजे बेस, 150 मिलिग्रॅम असतं. मोठ्या माणसाला या गोळ्या 4, 4 आणि 2 अशा तीन दिवसांत. 500 च्या गोळ्या मिळाल्या तर आकडा निम्मा होतो, आणि गोंधळ इथेच होतो. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो. मोठ्यांची गोळी अंदाजाने तोडून देणं धोक्याचं, कारण जास्त झालेलं क्लोरोक्विन थेट हृदयावर जातं. लहानग्यांच्या जिवावर बेतायला थोड्याच गोळ्या पुरतात, म्हणून पट्टी कुलपात ठेवा. उपाशीपोटी घेऊ नका. ॲसिडिटीचं पातळ औषध घेत असाल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पूर्ण डोस पुन्हा घ्यावा लागतो. पुन्हा उलटी झाली तर घरी थांबू नका.

रिपोर्टमध्ये फाल्सिपेरम असेल तर

हा गडचिरोलीकडे जास्त आढळणारा, जीवघेणा ठरू शकणारा प्रकार. यावर क्लोरोक्विन चालत नाही, त्यामुळे मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या काढून बसू नका. आर्टिमिसिनिन गटातलं जोड-औषध तीन दिवस घ्यायचं. आर्टिमेथर-लुमेफँट्रिन दिलं असेल तर दुसरा डोस आठ तासांनी, पुढचे चार त्यानंतरचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ, एकूण सहा. ते नुसत्या पेजेवर घेतलं तर लुमेफँट्रिन नीट शोषलं जात नाही. कपभर सायीचं दूध किंवा तूप लावलेली पोळी हवीच, मग पथ्याची हौस तीन दिवस बाजूला राहिली तरी चालेल. प्रायमाक्विन इथे एकच डोस असतो आणि तोही दुसऱ्या दिवशी. 14 दिवसांचा कोर्स व्हायवॅक्सचा.

तीन दिवसांनीही ताप हटला नाही तर रक्तनमुना पुन्हा काचेवर तपासून घ्या. फाल्सिपेरमची झटपट किट जंतू मेल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकते, तिच्या भरवशावर दुसरा कोर्स सुरू करू नका. बरळणं, झटके, श्वास लागणं, लघवी फार कमी होणं यांपैकी काहीही दिसलं तर गोळ्यांची वेळ गेलेली असते. त्या रुग्णाला इंजेक्शनचंच औषध लागतं, तेही रुग्णालयात.