जुनी जिप्सी घरच्या घरी कशी उभी करावी

मारुतीनं डिसेंबर १९८५ मध्ये आणलेली जिप्सी आता नवी मिळत नाही, जुनी मात्र अजून मिळते. वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा), तिच्यावर बोल्टनं बसवलेली बॉडी, पुढे-मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि दोन्हीकडे सलग ॲक्सल अशी साधी रचना असल्यामुळे ही गाडी घरी उघडून पुन्हा जोडता येते. चांगला पाना-सेट, हायड्रॉलिक जॅक, चार मजबूत स्टँड आणि सुट्टीचे दिवस हाताशी असतील तर निम्म्याहून जास्त काम स्वतःला जमतं. वेल्डिंग, लेथ आणि रंग यासाठी ठाण्यात वागळे इस्टेट आहे, नवी मुंबईत तुर्भे-रबाळेची एमआयडीसी आहे.

बहुतेक जण सुरुवात रंगानं आणि रुंद टायरनं करतात. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे: आधी गंज, मग ब्रेक आणि स्टिअरिंग, मग इंजिन, मग वायरिंग, आणि रंग सगळ्यात शेवटी. खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यामुळे आपल्याकडच्या गाड्या आतून खाल्ल्या जातात. वरून चकचकीत दिसणाऱ्या जिप्सीची चासी पोकळ झालेली असू शकते.

गाडी घेण्याआधी

मॉडेल ओळखा. सुरुवातीच्या जिप्सीला, म्हणजे एमजी ४१० ला, ९७० सीसीचं कार्ब्युरेटरचं इंजिन आणि चार गिअर. १९९३ नंतरच्या वाइडट्रॅकची चाकं एकमेकांपासून जास्त लांब असल्यानं ती वळणावर जास्त स्थिर वाटते. नंतर आलेल्या जिप्सी किंगला १२९८ सीसी इंजिन, पाच गिअर आणि पुढे डिस्क ब्रेक; पुढच्या काळातल्या किंगला एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणारी यंत्रणा. पहिल्यांदाच हात घालत असाल तर किंग घ्या. तिचे पार्ट सहज मिळतात आणि हायवेला ती दमत नाही.

आरसी पुस्तकातला इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः जुळवून पाहा. चासी नंबर गंजात बुजला असेल तर हळूच साफ करून त्यावर कागद धरा आणि पेन्सिलनं छाप घ्या. छाप स्पष्ट उठत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा, कारण आरटीओच्या तपासणीत नेमकी हीच छाप लागते. लष्कराच्या लिलावातून आलेली गाडी असेल तर लिलावापासून आजपर्यंतचे सगळे कागद सलग हवेत.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. फॉर्म २५ मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत भरता येतो, सोबत पर्यावरण कर आणि गाडीची तपासणी. एमएच-०४ ची गाडी ठाण्याला, एमएच-४३ ची वाशीला. मुदत आधीच संपलेली असेल तर दंड किती साचलाय ते आरटीओत विचारून तेवढी रक्कम गाडीच्या किमतीतून कमी करून घ्या.

जागा आणि महिना

सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करायचं तर सेक्रेटरींना आधी सांगा आणि ग्राइंडर दुपारी झोपेच्या वेळी लावू नका. इमारतीखालच्या (स्टिल्ट) पार्किंगमध्ये स्प्रे पेंटिंग आणि वेल्डिंग करूच नका. वर माणसं राहतात, शेजारी इतरांच्या पेट्रोलच्या गाड्या उभ्या असतात. ही दोन कामं गॅरेजमध्येच. काढलेलं ऑइल कॅनमध्ये साठवून गॅरेजवाल्याकडे द्या. आपल्या गटारांचं पाणी ठाणे खाडीत जातं, तिथे २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जाही मिळाला आहे.

दिवाळीनंतर काम काढलं तर होळीपर्यंत कोरडी हवा मिळते. पावसाळ्यात पत्रा उघडा केलात तर सकाळी घासलेल्या जागेवर संध्याकाळी तांबूस पापुद्रा दिसतो.

उघडताना

प्रत्येक जोड सोडण्याआधी मोबाइलवर दोन बाजूंनी फोटो. प्रत्येक ठिकाणचे नट, बोल्ट, वायसर वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर मार्करनं नाव. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, सकाळी आधी किंचित घट्ट करून मग सैल करा. बॉडी माउंटचे बोल्ट बऱ्याचदा तुटतातच, तेव्हा नवे आधीच आणून ठेवा.

मूळ पार्ट टाकून देऊ नका. मूळ कार्ब्युरेटर, मूळ मीटर, अगदी दरवाजाच्या कड्याही. बाजारातली नक्कल बसली नाही की तेच परत लागतात. जुन्या पार्टसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड अजून उपयोगी आहे, पण जाताना आपला तुटका पार्ट बरोबर न्या आणि शेजारी धरून पाहूनच घ्या.

गंज

गाडी स्टँडवर घ्या. स्टँड चासीखाली लावा, आणि फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच जाऊ नका. आता लहान हातोडी घ्या आणि चासीवर पुढून मागे हलके ठोके मारत या. चांगलं लोखंड टणटणीत वाजतं. आवाज बसका आला किंवा आतून भुकटी सरकल्यासारखी खसखस ऐकू आली की तिथे खडूनं खूण करा. पाट्यांचे हँगर, शॅकलच्या जागा, मागचा आडवा मेंबर आणि बॉडी माउंटच्या आजूबाजूला जास्त वेळ द्या. बॉडीत पायाखालचा फ्लोअर, मागच्या चाकांवरच्या कमानी आणि काचेच्या चौकटीचा खालचा सांधा ही नेहमीची ठिकाणं. रबरी मॅट उचलून स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा.

चासी बंद पेटीची असल्यानं आत चिखल साचतो, आणि अलिबाग-काशीदच्या वाळूत फिरलेल्या गाडीत मीठही. चासीला असलेल्या भोकांतून पाण्याचा पाइप घालून पलीकडून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. निचऱ्याची भोकं तारेनं मोकळी करा. मग निदान दोन-तीन दिवस उन्हात वाळू द्या.

जिथे पत्रा भोकं पडण्याइतका पातळ झालाय तिथे लांबी (पुट्टी) किंवा फायबर लावून भागवू नका. चांगल्या पत्र्यापर्यंत कापा आणि तेवढाच नवा तुकडा बसवा. जाडी मूळ पत्र्याइतकी किंवा किंचित जास्त. चासीला मात्र जाड प्लेटच हवी. पातळ पत्र्याला सीओटू वेल्डिंग मागा, साध्या आर्कनं भोकं पडतात. वेल्डिंगआधी बॅटरी सुटी करा आणि पेट्रोलची टाकी गाडीवरून पूर्ण काढून दूर ठेवा. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. चासी नंबरवर ग्राइंडर जाऊ देऊ नका, त्यावर ग्रीस लावून जाड टेप चिकटवून ठेवा.

वरवरचा गंज वायर कपनं घासा, खाचांत फॉस्फरिक ॲसिडचा रस्ट कन्व्हर्टर लावा, वाळला की पुसा आणि त्याच दिवशी टू-पॅक इपॉक्सी प्रायमर मारा. त्यावर चासी ब्लॅक. सगळं पूर्ण वाळल्यावर चासीच्या पोटात लांब नळीनं कॅव्हिटी वॅक्स फवारा. बाहेरून कितीही रंग दिला तरी आतली बाजू उघडी राहिली तर दोन पावसाळ्यांत गंज परत येतो.

ब्रेक, ॲक्सल, स्टिअरिंग

ड्रम काढल्यावर व्हील सिलिंडरचं रबरी टोपण नखानं किंचित उचला. आत ओल दिसली तर सिलिंडर बदलायचाच. लोखंडी ब्रेक पाइप बाहेरून काळे दिसले तरी क्लिपखाली गंजलेले असतात, ते सगळे नवे करा. रबरी होजही नव्या. जुनं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून बसलेलं असतं; पूर्ण काढून डॉट ३ किंवा बाटलीवर सांगितलेल्या ग्रेडचं भरा. ते रंगावर सांडलं तर रंग उचलतं, लगेच पाण्यानं धुवा.

पुढचं चाक हवेत असताना वर आणि खाली धरून हलवा. हललं तर दोष व्हील बेअरिंगचा किंवा किंगपिनचा (ज्यावर पुढचं चाक वळतं तो खिळा). कोणीतरी ब्रेक दाबून धरला तरी हलत असेल तर किंगपिन बेअरिंग. साठच्या वेगाला स्टिअरिंग जोरात थरथरतं तेव्हा लोक नुसता स्टिअरिंगचा डॅम्पर बदलतात. मूळ कारण बहुधा झिजलेले किंगपिन, सैल टाय रॉडचे टोक किंवा चाकांचं बॅलन्सिंग यांत असतं. पुढच्या ॲक्सलच्या टोकाशी असलेल्या नकलमधून (चाक वळवणाऱ्या सांध्यातून) पातळ काळपट ग्रीस बाहेर येत असेल तर आतलं सील गेलंय आणि डिफरन्शियलचं ऑइल तिकडे शिरलंय.

पाट्यांचं काम घरी करू नका. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलजवळ पाटेवाले पाटा उघडून, तुटलेलं पान बदलून, कमान देऊन परत बसवतात. बुश आणि यू-बोल्ट मात्र नवेच टाका.

इंजिन

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. चारही सिलिंडरमध्ये फारसा फरक नसेल तर इंजिन उघडू नका. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते माहीत नसेल तर बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि पुढची ऑइल सील एकदमच बदला. रेडिएटर उलट्या बाजूनं धुवून घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यामुळे जुन्या रबरी पेट्रोल पाइप आणि कार्ब्युरेटरचे गॅस्केट इथेनॉल सोसणारे टाका. गाडी फार उभी ठेवू नका, इथेनॉल ओल धरतं आणि टाकी आतून गंजते.

वायरिंग आणि दिवे

जुन्या जिप्सीचे हेडलाइट पिवळे पडलेले दिसतात, म्हणून लोक भडक एलईडी लावतात. आधी बल्बच्या टोकाशी व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा दीड-दोन व्होल्ट कमी दिसले तर दोष वायरीचा आणि स्विचचा. ६० वॅटचा बल्ब साधारण ५ अँपिअर घेतो. दोन बल्बचा तेवढा करंट जुन्या स्विचमधून जातो. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज, दोन रिले (लहान करंटनं मोठा करंट चालू करणारे स्विच) आणि नवं अर्थिंग एवढं केलं की मूळ बल्बच लख्ख पडतो. माझ्या मते संपूर्ण गाडीत सगळ्यात कमी पैशात मिळणारी सुधारणा हीच.

काय बदलावं, काय नाही

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवा: कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालत नाहीत. लोखंडी बुल बारवर केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईचे आदेश दिले. मूळ मापाचे ऑल-टेरेन टायर, चांगले शॉक ॲब्सॉर्बर, खाली स्किड प्लेट आणि ॲक्सलचे ब्रीदर पाइप (हवा ये-जा करण्याच्या नळ्या) वर नेणं यांवर खर्च करा. शंका असेल तर आरटीओत विचारून. ९७० सीसीला फार मोठी चाकं लावली की चढाला गाडी दम सोडते आणि स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवतो.

रंग

जिप्सीला लष्करी हिरवा देण्याचा मोह होतोच. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्या. रंगाआधी दरवाजे आणि बॉनेट एकदा बसवून फटी जुळवून पाहा, कारण रंगानंतर पत्रा ठोकता येत नाही.

पहिली चक्कर

रविवारी पहाटे घोडबंदर रोडचा मोकळा पट्टा बरा. आधी कमी वेगात ब्रेक तपासा, गाडी एका बाजूला ओढते का पाहा. डांबरी रस्त्यावर ४-एच मध्ये (हाय गिअरच्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये) टाकू नका. पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसल्यानं वळताना गिअर आणि जॉइंट आवळले जातात. लो गिअर तपासायला येऊरच्या जंगलात जाऊ नका, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. ओळखीच्या कोणाचं शेत मुरबाडकडे असेल तर त्यांना विचारून तिथे चाचणी घ्या. परत आल्यावर चारही ड्रम किंवा डिस्कजवळ हात नेऊन उष्णता पाहा. एकच चाक जास्त तापलं तर तिथला ब्रेक अडकतोय. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट, चाकांचे नट आणि बॉडी माउंट पुन्हा एकदा आवळून घ्या.