बेकरी नव्या, मोठ्या जागेत नेताना या चुका टाळा

मनोरंजन उद्यानातील बेकरी मोठ्या जागेत हलली की पहिल्या महिन्यात काउंटरवर दोन वाक्ये वारंवार ऐकू येतात. एक, "जागा छान केली," आणि दुसरे, "पण पहिली चव राहिली नाही." मालक पहिले वाक्य लक्षात ठेवतो आणि दुसरे लोकांची सवय म्हणून सोडून देतो. माझ्या मते चुकांची सुरुवात येथेच होते. मराठवाड्यातील बेकऱ्यांमध्ये भट्ट्या बसवून देणे आणि बिघडलेला माल का बिघडला हे शोधणे हे माझे काम आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की गिऱ्हाईक लक्षण अचूक सांगते, कारण मात्र बहुतेक वेळा चुकीचे सांगते.

मागच्या उन्हाळ्यात शहराबाहेरच्या एका उद्यानातील बेकरीत मला बोलावले गेले. जुनी बेकरी जाड दगडी भिंतींच्या खोलीत होती. नवी तिच्या तिप्पट मोठी, पण पत्र्याच्या छताखाली. मैदा तोच, कारागीर तेच, डालडाही तोच, तरी पावाला आंबूस वास येत होता आणि खारीचे पदर सुटत नव्हते. येणारे लोक म्हणत होते की मालक आता हलका मैदा वापरतो. मी मळलेल्या कणकेत थर्मामीटर खुपसला, तेव्हा पारा ३४ अंशांवर गेला. पावाची कणीक मळून झाल्यावर २६ अंशांच्या आसपास असावी लागते. त्याहून गरम असली तर यीस्ट घाईने फुगवते, आंबूसपणा येतो आणि भाजेपर्यंत पाव बसतो.

याचा हिशेब साधा आहे. हव्या असलेल्या तापमानाची तिप्पट करायची आणि त्यातून खोलीचे, मैद्याचे आणि मिक्सरच्या घर्षणाचे अंश वजा करायचे. उरेल ते पाण्याचे तापमान. जुन्या खोलीत ७८ मधून २९, २८ आणि ८ वजा जाता १३ अंश उरत, म्हणजे फ्रीजमधले पाणी मिसळले की भागत असे. पत्र्याखाली खोली ४० आणि मैदा ३६ अंशांवर गेल्यावर उत्तर उणे ६ आले, आणि असे पाणी कोणत्याही नळाला येत नाही. पाण्याचा काही भाग वजन करून बर्फाच्या चुऱ्याच्या रूपात घालणे आणि मळणी पहाटे उरकणे, एवढ्यावर पाव सुधारला. खारीसाठी मात्र लाटण्याचे टेबल वेगळ्या वातानुकूलित खोलीत हलवावे लागले, कारण पदरांमधला डालडा लाटतानाच वितळत असेल तर भट्टीत फुलायला पदरच उरत नाहीत. बैठकीच्या जागेसाठी एसी घेणाऱ्या मालकाला कारखान्यातला एसी चैन वाटतो. माझ्या हातात असते तर मी आधी कारखान्यात बसवला असता.

चव बदलण्याची आणखी दोन कारणे हमखास सापडतात. एक पाणी. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या आपल्या भागात बेकरी नळाच्या पाण्यावरून बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. जड पाण्याने कणीक ताठ होते आणि फुगायला वेळ लावते, म्हणून जागा ठरवतानाच पाणी तपासून घ्यावे. दुसरे कारण भट्टी. विटांची भट्टी सोडून पंख्याची रोटरी भट्टी घेतल्यावर जुनेच तापमान लावले तर वरचा रंग लवकर येतो आणि आतला गर ओला राहतो. तापमान साधारण १५ ते २० अंशांनी कमी करून, चार घाणे वाया जातील असे गृहीत धरून, उद्घाटनाआधीच मेळ बसवावा.

मोठी जागा मिळाली की काचेचे थंड शोकेस येते आणि त्यात सगळाच माल मांडला जातो. क्रीमच्या केकला ५ अंशांखालचा गारवा हवाच, पण पाव त्याच गारव्यात सर्वांत लवकर शिळा होतो आणि खारी ओल धरून मऊ पडते. पाव आणि खारी बाहेर, बंद काचेत ठेवावी. गरम पाव घाईने पिशवीत भरणे तर टाळावेच, कारण पिशवीला आतून घाम सुटला की बुरशीला आयते निमंत्रण मिळते.

आता जागेविषयी. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये एपकॉट हे उद्यान १९८२ पासून सुरू आहे. तेथील फ्रान्स विभागातली छोटी बेकरी २०१३ च्या सुरुवातीला त्याच विभागात आतल्या बाजूच्या कितीतरी मोठ्या जागेत गेली, पॅरिसच्या जुन्या मध्यवर्ती बाजारावरून तिला 'ले आल' हे नाव मिळाले, आणि जुन्या जागी त्याच वर्षी आइस्क्रीमचे दुकान उघडले. ऐसपैस जागा मिळाली, पण सवयीच्या पावलांना मात्र जुन्या दारात वेगळेच दुकान भेटू लागले. आपल्याकडे मालक नव्या दुकानावर रोषणाई करतो आणि जुन्या दारावर साधी पाटीही लावत नाही. पाटी जुन्या दारावर हवी, बाण काढलेली, आणि निदान वर्षभर तरी, कारण सहलीची शाळा वर्षातून एकदाच येते.

रांगेची तक्रार बहुतेक वेळा माणसे कमी असल्याची नसते. शहराबाहेरच्या उद्यानात मोबाइलची रेंज अडखळते आणि "पैसे गेले, पण मेसेज आला नाही" या वादात मागचे वीस जण ताटकळतात. दुकानात स्वतःचे वायफाय असावे, पैसे घेऊन टोकन देणारी खिडकी वेगळी आणि माल देणारी वेगळी असावी, आणि सहलीच्या मुलांची मागणी गुरुजींकडून एकत्रच घ्यावी.

पत्ता बदलला की अन्न परवानाही नव्या पत्त्यावर काढून घ्यावा लागतो. हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये.

राहिला प्रतिक्रियांचा प्रश्न. मालक समोर उभा असताना "कसे वाटले?" असे विचारले तर मराठवाड्यातला पाहुणा "एक नंबर" म्हणूनच उठणार, तोंडावर नाव ठेवणे आपल्या रीतीत बसत नाही. त्यापेक्षा तक्रार आली की तिच्यापुढे फक्त वेळ लिहून ठेवावी. वर सांगितलेल्या बेकरीत बहुतेक तक्रारी दुपारी ३ ते ५ मधल्या निघाल्या आणि संध्याकाळसाठीचा पाव दुपारीच एकदम भाजला जातो हे त्यावरून कळले. त्याच सुमारास मी बाहेरच्या दाराजवळची कचरापेटी पाहिली होती. नानकटाईचे कागद रिकामे होते, पण पॅटिस अर्धे खाऊन टाकलेले होते, आणि सगळ्यांचे मधले सारण थंडगार होते.