गीताचे शब्द कसे बांधावेत: मात्रा, ताल आणि ध्रुवपद

कविता कागदावर पूर्ण होते, परंतु गीत गळ्यातून बाहेर पडेपर्यंत अपुरेच असते. म्हणून गीतलेखन शिकू इच्छिणाऱ्याने पहिल्या दिवसापासून एक सवय लावून घ्यावी: लिहिलेली प्रत्येक ओळ टाळी देत, मोठ्याने म्हणून पाहावी. डोळ्यांना सुंदर दिसणाऱ्या कितीतरी ओळी तोंडात अडखळतात आणि कागदावर साध्या वाटणाऱ्या ओळी सुरात येताच उजळतात. हा फरक मुख्यतः ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांच्या मांडणीतून निर्माण होतो आणि ती मांडणी शिकता येते.

लिहायला बसण्यापूर्वी कोण, कोणाशी आणि कोणत्या क्षणी बोलत आहे, हे ठरवावे. ‘विरह’ हा विषय झाला. तिन्हीसांजेला दार उघडून पाहणारी स्त्री हा प्रसंग झाला. गीताला प्रसंग लागतो, कारण ऐकणाऱ्याला मागे जाऊन ओळ पुन्हा वाचता येत नाही आणि पहिल्या काही क्षणांतच त्याच्या मनात चित्र उभे राहावे लागते. जुन्या 78 फेऱ्यांच्या दहा इंची ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे, आणि ध्रुवपद व दोन-तीन कडवी हा भावगीताचा आटोपशीर घाट त्या मर्यादेत चांगला रुजला. आज वेळेचे ते बंधन उरले नसले, तरी नवोदिताने तोच घाट स्वीकारावा, असे मला मनापासून वाटते.

आता मात्रांविषयी. मात्रा म्हणजे अक्षर उच्चारायला लागणाऱ्या वेळेचे माप. अ, इ, उ, ऋ हे ऱ्हस्व स्वर असलेले अक्षर लघू, त्याची एक मात्रा. दीर्घ स्वराचे किंवा अनुस्वाराचा स्पष्ट उच्चार होणारे अक्षर गुरू, त्याच्या दोन मात्रा. जोडाक्षराच्या आधीचे लघू अक्षर त्याच्यावर आघात येत असेल तरच गुरू होते: ‘सत्य’मधील ‘स’ गुरू आहे, परंतु ‘तुम्ही’मधील ‘तु’ लघूच राहतो. शंका आल्यास व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा आपल्या उच्चारावर विश्वास ठेवावा. अभंग-ओवीचा हिशेब वेगळा असतो. तेथे मात्रा नव्हे, तर अक्षरे मोजतात. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत 6, 6, 6 आणि 4 अक्षरे येतात व दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. सुरुवातीच्या सरावासाठी मात्र सोळा मात्रांची, म्हणजे आठ अधिक आठ अशी विभागलेली ओळ सर्वांत सोयीची, कारण आठ मात्रांच्या केरवा तालात ती दोन आवर्तनांत, म्हणजे तालाच्या दोन पूर्ण फेऱ्यांत, नेमकी बसते. मात्रावृत्तांत या रचनेला पादाकुलक म्हणतात.

वर सांगितलेल्या प्रसंगावर एक ध्रुवपद बांधून पाहू. पहिला खर्डा असा होऊ शकतो:

दार उघडते, कुणीच नाही;
वारा म्हणतो उगाच काही.

मोजणी अचूक आहे. ‘दार’ तीन आणि ‘उघडते’ पाच मिळून आठ. ‘कुणीच’ चार आणि ‘नाही’ चार मिळून पुन्हा आठ. दुसरी ओळही तशीच भरते. तरीही केरव्याची टाळी देत ही ओळ म्हटली, की दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, ‘कुणीच’मधला लघू ‘कु’ येतो. समेवर आवाज स्वाभाविकपणे टेकू पाहतो, त्यामुळे गाणारा नकळत ‘कूणीच’ म्हणू लागतो आणि शब्दाचा उच्चार बिघडतो. ‘उगाच’च्या बाबतीतही हेच घडते. कसलेला संगीतकार समेनंतर उठणारी चाल देऊन हा दोष झाकू शकेल, पण शब्द लिहिणाऱ्याने ते काम दुसऱ्यावर सोपवू नये. ओळ अशी बदलता येते:

दार उघडते, कोणी नाही;
वारा म्हणतो काहीबाही.

आता ‘दा’, ‘को’, ‘वा’, ‘का’ अशी चारही गुरू अक्षरे समेवर आली आहेत. ‘कुणीच’मधला ठामपणा थोडा कमी झाला हे खरे, परंतु त्याच्या बदल्यात ‘काहीबाही’ हा रोजच्या बोलण्यातला, वाऱ्याच्या निरर्थक आवाजाला शोभणारा शब्द मिळाला. शिवाय दोन्ही ओळींच्या उत्तरार्धात केवळ गुरू अक्षरे असल्यामुळे चाल बांधणाऱ्याला हरकतीसाठी, म्हणजे स्वरांच्या छोट्या सजावटीसाठी, मोकळी जागा राहते. मात्रांची बेरीज बरोबर येणे ही गीतलेखनातली पहिली पायरी आहे. गुरू अक्षर तालाच्या नेमक्या जागी पडणे ही खरी कारागिरी आहे, आणि बहुतेक नवोदित पहिल्या पायरीवरच समाधान मानतात.

हाच नियम इतर तालांना लावावा. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीन अशा विभागतात, म्हणून तेथे ‘वाट’, ‘लाट’, ‘दूर’ असे तीन मात्रांचे शब्द सहज झुलतात. रूपकाच्या सात मात्रा तीन-दोन-दोन अशा पडतात. या तालात लिहिताना ‘ती ती ना, धी ना, धी ना’ हे बोल म्हणत शब्द शोधल्यास मोजण्याची गरजच उरत नाही.

शब्द कोठे तुटतो, यावरही लक्ष ठेवावे. ‘का मना’ हे दोन शब्द एका श्वासात गायले, तर ऐकणाऱ्याला ‘कामना’ ऐकू येते आणि ओळीचा अर्थच पालटतो. उंच स्वर येण्याची शक्यता असेल तेथे आकारान्त शब्द ठेवल्यास आवाज मोकळा लागतो. ओळीच्या शेवटी ‘स्पष्ट’, ‘निष्ठुर’ यांसारखी व्यंजनांची गर्दी टाळावी, कारण गळा स्वरावर थांबतो, व्यंजनावर नाही.

कडव्याने ध्रुवपदातला प्रसंग पुढे न्यायचा असतो. तीच भावना वेगळ्या शब्दांत सांगणारे कडवे काढून टाकावे. आपल्या गीतात दार उघडले आहे, म्हणून आता घरात काय चालले आहे ते दाखवू:

ओसरीत मी वात लावते,
पान वाढते, वाट पाहते,
उंबरठ्यावर पाउल राही...

तिसरी ओळ ध्रुवपदाकडे परत नेते. संगीतकार तिला क्रॉस लाइन म्हणतात. तिचे यमक ध्रुवपदाशी जुळलेच पाहिजे, आणि येथे ते जुळलेही आहे. परंतु ‘राही’ हे जुन्या काव्यातले रूप आहे. वात लावणारी, पान वाढणारी, ‘काहीबाही’ म्हणणारी ही स्त्री ‘राही’ म्हणणार नाही. केवळ यमकासाठी ‘राही’, ‘पाही’, ‘मम’, ‘तव’ यांना बोलावले, की बोलणाऱ्या माणसाचा आवाज हरवतो. गीत संपूर्णपणे त्या जुन्या भाषेत असेल तर गोष्ट वेगळी. दोन्हींची सरमिसळ मात्र नको. त्याऐवजी ‘उंबरठाही बोलत नाही’ असे लिहिले, तर मात्रा सोळाच राहतात, भाषा तिचीच राहते आणि बोलणाऱ्या वाऱ्यासमोर अबोल उंबरठा उभा राहतो. ‘लावते’ आणि ‘पाहते’ यांचे यमक केवळ क्रियापदाच्या प्रत्ययावर व आधीच्या आकारावर उभे आहे. कडव्याच्या आतल्या ओळींत, घरकामाच्या ओघात, ते चालून जाते. ध्रुवपदात असे स्वस्त यमक कधीही वापरू नये.

अनेकदा चाल आधी तयार असते आणि शब्द नंतर मागितले जातात. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल रंगभूमीवर आले, तेव्हापासून आधीच्या चालींवर पदे रचणे ही मराठी नाट्यसंगीतातली मान्य रीत झाली आणि छापील नाटकांत पदाच्या माथ्यावर मूळ चालीचा निर्देशही होऊ लागला. अशी चाल हाती आल्यावर ती प्रथम ‘ला ला’ म्हणत पाठ करावी, कागदावर लांब स्वरांसाठी आडवी रेघ व आखूड स्वरांसाठी टिंब काढावे, समेच्या जागा गोल कराव्यात आणि मगच शब्दांकडे वळावे. सर्वांत लांब स्वरावर गीतातला सर्वांत महत्त्वाचा शब्द यावा. ‘आणि’, ‘पण’, ‘तर’ यांसारखे शब्द तेथे लांबले, तर चालीचा तो स्वर वाया जातो. ओळखीच्या एखाद्या चालीवर आपले शब्द बसवणे हा यासाठी उत्तम सराव आहे, मात्र ते शब्द वहीतच ठेवावेत.

ध्रुवपद आणि पहिले कडवे पूर्ण झाल्यावर चाल न सांगता ते दुसऱ्या कोणाला तरी केरव्याच्या टाळीत म्हणायला द्यावे. म्हणणारा जेथे अडखळेल, श्वासासाठी भलत्या जागी थांबेल किंवा ऱ्हस्व अक्षर ओढून म्हणेल, तेथे पेन्सिलीने खूण करावी. त्या वेळी अर्थ समजावून सांगण्याचा मोह आवरावा, कारण पुढे ऐकणाऱ्याला समजावायला आपण शेजारी नसतो. खुणा झालेल्या ओळी त्याच दिवशी बदलाव्यात आणि दुसरे कडवे त्यानंतरच लिहायला घ्यावे.