शनिवारवाड्याजवळचं जुनं घर दुरुस्त करायचं असेल तर

आमचा वाडा शनिवार पेठेत, शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर. मागच्या सोप्याचं छप्पर गळायला लागलं तेव्हा आळीत एकच उत्तर मिळे, "पुरातत्त्ववाले काही करू देत नाहीत." देतात. मात्र दुरुस्ती कुठे संपते आणि बांधकाम कुठे सुरू होतं, हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय. ते वाचल्याशिवाय अर्जाला हात घालू नका.

आधी अंतर बघा. प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या कायद्यात २०१० साली बदल झाले. त्यानुसार शनिवारवाड्यासारख्या केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. हे अंतर संरक्षित हद्दीपासून मोजतात, दिल्ली दरवाजापासून पावलं टाकून नाही. नियंत्रित पट्ट्यात परवानगी घेऊन बांधकामही करता येतं.

१०० मीटरच्या आत असाल तर नवं बांधकाम नाही, मजला चढवणं नाही. "आहे तेवढंच पाडून बांधतो" हेही नाही, कारण त्याच लांबी-रुंदी-उंचीचं परत उभारणं म्हणजे कायद्याच्या भाषेत पुनर्बांधणी. उरते ती दुरुस्ती आणि नूतनीकरण. तेही घर १६ जून १९९२ पूर्वीचं असेल, किंवा नंतर रीतसर मंजुरीने बांधलेलं असेल, तरच.

म्हणून सगळा जोर अर्जातल्या शब्दांवर द्या. आमच्या ठेकेदाराने "छत नवीन बांधणे" असं लिहून आणलं होतं. मी कागद परत केला आणि एकेक काम सुटं लिहायला लावलं: मागच्या सोप्याचे कुजलेले वासे काढून त्याच मापाचे सागवानी वासे बसवणे, मंगलोरी कौलं उतरवून फुटकी तेवढी बदलणे, जिन्याच्या खचलेल्या पायऱ्या आहेत त्याच जागी पक्क्या करणे. प्रत्येक कामापुढे आधीचं माप आणि नंतरचं माप. दोन्ही रकान्यांत आकडा तोच. "विस्तार", "सुशोभीकरण" असले भारदस्त शब्द लग्नपत्रिकेसाठी ठेवा.

कागदांत खरी डोकेदुखी भाऊबंदांची. मालमत्ता पत्रकावर आजोबांचं नाव असेल तर वारसनोंद आधी उरकून घ्या, आणि सगळ्या हिस्सेदारांची संमती लेखी घ्या. फोनवर "तू कर गं, आमचं काय!" म्हणणारे दीर सही मागितली की विचार करायला लागतात. भाडेकरूंशीही आधीच बोला. घर १९९२ पूर्वीचं आहे हे दाखवायला जुना मंजूर नकाशा, घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिलं, जे सापडेल ते जोडा. आर्किटेक्टकडून नकाशा करून घ्या आणि प्रत्येक कामाच्या जागेचे फोटो लावा.

अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या परवानग्यांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातो. तिथून १५ दिवसांत तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे, त्यांना दोन महिने, मग अंतिम निर्णयाला आणखी एक महिना. कायद्यातल्या मुदतीच साडेतीन महिन्यांच्या, शिवाय त्रुटी निघाली तर वेळ वेगळा. पावसाळ्याआधी कौलं चढवायची असतील तर दिवाळीच्या सुमारासच अर्ज द्या.

महापालिकेची परवानगी निराळी. तिथून धोकादायक वाड्याची नोटीस आली असेल तर अर्जाला जरूर जोडा, कामाची निकड दिसते. पण नोटीस म्हणजे परवानगी नव्हे. विनापरवाना कामाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं.

अर्ज भरण्याआधी सुताराला बोलावून कडीपाटाच्या दोन-चार फळ्या उचलून बघायला सांगा. वरून धडधाकट दिसणारी तुळई भिंतीत शिरते तिथे पोखरलेली असते. काम चालू असताना ती हाती आली आणि परवानगीत तिचा उल्लेख नसला, तर उघड्या छपराखाली बसून नव्या अर्जाची वाट बघावी लागेल.